स्वयंपाकाचा वास शेजारी जाऊ नये म्हणून : कार्बन फिल्टर आणि पंख्याचा हिशोब

चलथाण (जि. सुरत) : उधना–जळगाव रेल्वेमार्गावरचं चलथाण आणि शेजारचा कडोदरा–पलसाणा पट्टा म्हणजे साखर कारखाना, डाईंग-प्रिंटिंग मिल आणि दाट कामगार वस्ती. नंदुरबार, धुळे, जळगावकडची मराठी कुटुंबंही इथे राहतात. एका ओळीत खोल्या, समोर सामाईक गॅलरी. अशा जागी घरून डबे किंवा छोटी मेस चालवायची म्हटली, की वासाची तक्रार लवकर येते. मिरचीची फोडणी पडली, सुकट भाजलं आणि एक्झॉस्ट फॅन लावला, की सगळा वास थेट शेजाऱ्याच्या खिडकीत.

यावर उपाय कार्बन फिल्टरचा. पण बहुतेक जण पंखा मोठा घेतात आणि फिल्टर लहान. तिथेच पैसे वाया जातात.

कार्बन काय करतो?
नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून बनवलेल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्म छिद्रांचा मिळून सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. वासाचे कण त्याला चिकटतात. पण चिकटायला वेळ लागतो. हवा कार्बनमधून जाताना निदान सेकंदाचा दहावा भाग तरी आत राहायला हवी. पंखा जितका जोरात, तितका कार्बन जास्त लागणार.

पायरी १ : खोली मोजा
लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या. समजा खोली १२ × १० × १० फूट आहे, म्हणजे १२०० घनफूट. मेसच्या स्वयंपाकघरातली हवा तासाला निदान २० वेळा बदलावी असं धरा. भट्टी मोठी असेल तर जास्त. लोणचं-मसाल्याच्या साठवणीच्या खोलीला ८-१० वेळा पुरतं.

१२०० × २० ÷ ६० = ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट हवा.

पायरी २ : कार्बन किती?
४०० सीएफएम म्हणजे सेकंदाला सुमारे १९० लिटर हवा. दहावा भाग सेकंद आत ठेवायची, तर १९ लिटर कार्बन हवा. लिटरला साधारण अर्धा किलो धरला, तर साडेनऊ-दहा किलो. सोपा अंदाज : सीएफएमला ४० ने भागा, तितके किलो. कार्बनचा थर २ इंचाचा असेल, तर सुमारे १२ इंच व्यासाचा आणि १९-२० इंच लांबीचा गोल फिल्टर बसतो. दोन-तीन किलोच्या फिल्टरवर ‘४०० सीएफएम’ छापलेलं असलं तरी वास निसटणारच.

दहा किलोचं वजन पीओपीच्या छताला टांगू नका. स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारून घ्या.

पायरी ३ : पंखा
भिंतीतला साधा पात्यांचा एक्झॉस्ट फॅन इथे चालत नाही. कार्बनचा अडथळा आला की त्याची हवा निम्म्याहून खाली येऊ शकते. इनलाइन फॅन किंवा सेंट्रीफ्यूगल ब्लोअर लागतो. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. दुकानदाराला विचारायचं ते हे : ‘२० ते २५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाला किती सीएफएम देतो?’ उत्तर ४०० च्या आसपास हवं. पाइप ८ इंची घ्या. ६ इंचीत हवेचा वेग वाढतो, आवाज वाढतो. वळणं जितकी कमी तितकं चांगलं.

क्रम असा : तेल धरणारी जाळी, मग फिल्टर, मग पंखा, मग बाहेर जाणारा पाइप. पंखा फिल्टरच्या पुढे असला, की पंख्यापुढच्या जोडात फट राहिली तरी वास गळत नाही. जाळी दर आठवड्याला गरम पाण्याने धुवा. तेलकट झालेला कार्बन धुऊन किंवा उन्हात वाळवून परत कामाचा होत नाही. पावसाळ्यात दमट हवेत कार्बनची ताकद घटते, हेही लक्षात ठेवा. बाहेर वास यायला लागला, की कार्बन बदलायचा.

पायरी ४ : हवा आत कुठून येणार?
४०० सीएफएम बाहेर काढायची तर तितकीच आत यायला हवी. दाराखाली किंवा भिंतीत निदान एक चौरस फूट मोकळी जाळी ठेवा. खोली बंद राहिली, तर पंखा पूर्ण हवा ओढत नाही, आणि शेगडी-गीझरचा धूर आतच फिरतो.

फिल्टर कशासाठी नाही?
कार्बन मोनॉक्साईड साध्या कार्बनला धरत नाही, आणि त्याला वासही नसतो. एलपीजी गॅसही तो नीट धरत नाही. उलट एलपीजीत मुद्दाम मिसळलेला उग्र वास धरू शकतो, म्हणजे धोक्याचा इशाराच कमी होतो. म्हणून गाळलेली हवा परत खोलीत सोडण्यापेक्षा बाहेर सोडा. गॅसचा वास आला तर पंख्याचा किंवा दिव्याचा स्विच चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ वर कळवा.

कारखान्याच्या वासालाही हा इलाज नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतच्या सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचा जीव गेला. डोळे चुरचुरणारा, घसा धरणारा अनोळखी वास आला, तर फिल्टरच्या भरवशावर बसू नये. माणसांना घेऊन तिथून लांब जावं आणि ११२ वर फोन करावा. फोडणीच्या वासासाठी दहा किलो कार्बन पुरतो, त्यापुढचं काम त्याचं नाही.