मिरजेच्या तंबोऱ्याची अंतर्गत रचना

मिरजेचा तंबोरा (तानपुरा) हे महाराष्ट्रातील सांगली जिल्ह्यातील मिरज येथे घडवले जाणारे ततवाद्य आहे. हिंदुस्थानी संगीतात आधारस्वर देण्यासाठी त्याचा उपयोग होतो. वाळवलेला भोपळा, लाकडी तबली आणि पोकळ दांडी हे त्याचे तीन मुख्य भाग होत. तारांचा सततचा ताण हे वाद्य प्रामुख्याने आपल्या आकाराच्या बळावर पेलते. जुन्या तंबोऱ्याची पारख करताना भोपळा, तबली व त्यांचे सांधे यांची अवस्था निर्णायक ठरते.

घटक आणि बांधणी

भोपळा: तंबोऱ्यासाठी लागणारा भोपळा कडू, न खाण्याजोगा व जाड सालीचा असतो. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर व मंगळवेढा परिसरात, भीमेच्या खोऱ्यात, त्याची लागवड होते. वेलीवर पक्व झालेला भोपळा काही महिने उन्हात वाळवतात. नंतर तो कापून पाण्यात भिजवतात, आतील बिया व गर काढतात आणि कापलेले तोंड हव्या त्या आकारात राहावे म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. वाद्याचा आकार भोपळ्याच्या घेरावरून ठरतो. पुरुषी गळ्यासाठी मोठा, तर बायकी गळ्यासाठी त्याहून लहान भोपळा निवडतात.

तबली: भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर बसवलेल्या लाकडी झाकणास तबली म्हणतात. ती तूण जातीच्या लाकडातून कोरून काढलेली व किंचित फुगीर असते. तिच्या कडा भोपळ्याच्या काठावर चिकटवतात.

दांडी आणि गळा: दांडी आतून पोकळ असते. कोरलेल्या खोबणीवर पातळ लाकडी पट्टी बसवून ती बंद करतात. दांडी व भोपळा यांना जोडणाऱ्या लाकडी भागास गळा म्हणतात. तारांचा ताण दांडीला पुढे ओढत असल्याने हा वाद्यातील सर्वाधिक ताण सोसणारा सांधा होय.

घोडी आणि जवारी: तबलीवर उभी केलेली रुंद घोडी तारांची कंपने तबलीकडे पोहोचवते. घोडीचा माथा अत्यंत सूक्ष्म उताराने घासलेला असतो. कंप पावणारी तार या उताराला ओझरता स्पर्श करत राहते व त्यातून स्वरसंवादी अंशांनी भरलेला नाद उमटतो. यालाच जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांमध्ये सरकवलेल्या दोऱ्याने स्पर्शबिंदू नेमका साधला जातो.

गिटारच्या आधारपट्ट्यांशी तुलना

अकूस्टिक गिटारची वरची फळी जवळजवळ सपाट व सुमारे 2.5 ते 3 मिलिमीटर जाडीची असते. तारांच्या ओढीने ती वाकू नये म्हणून तिच्या आतील बाजूस लाकडी आधारपट्ट्या चिकटवलेल्या असतात. या पट्ट्यांच्या मांडणीचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत: शिडीच्या पायऱ्यांसारखी आडवी मांडणी, पंख्याच्या काड्यांसारखी मांडणी, जी 19व्या शतकात स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस यांनी विकसित केली, आणि फुलीच्या आकाराची मांडणी, जी 1840च्या दशकात अमेरिकेत सी. एफ. मार्टिन यांच्या गिटारींत आढळू लागली. जुन्या गिटारच्या छिद्रातून लहान आरसा व दिवा आत नेऊन ही मांडणी पाहता येते आणि तिच्यावरून वाद्याच्या घडणीचा अंदाज बांधता येतो.

तंबोऱ्यात अशा पट्ट्यांचे जाळे नसते. कमान ज्या तत्त्वाने भार पेलते, त्याच तत्त्वाने फुगीर तबली घोडीवरील दाब आपल्या कडांकडे वळवते आणि भोपळ्याची गोलाई तो दाब सर्वत्र विभागते. काही वाद्यांत, विशेषतः खचलेली तबली दुरुस्त केली असल्यास, घोडीखाली आतून एखादी आडवी पट्टी लावलेली आढळते. तबलीला गिटारसारखे मोठे छिद्र नसल्याने ही पट्टी बाहेरून दिसत नाही. आतील अवस्था बाह्य लक्षणांवरूनच ओळखावी लागते.

जुन्या वाद्याची पारख

तबलीची फुगीर रेषा बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहतात. घोडीखाली सपाटपणा किंवा खोलगटपणा दिसल्यास तबली खचल्याचे समजते. अशा वेळी घोडी खाली गेल्याने तारा दांडीच्या जवळ येतात. याउलट तारा दांडीपासून अधिक उचललेल्या असतील, तर दांडी पुढे वाकली आहे किंवा गळ्याचा सांधा सैल झाला आहे अशी शक्यता असते. सांध्यापाशी पॉलिशवर उमटलेली केसासारखी रेघ हेही सैलपणाचे लक्षण आहे. वाद्य उचलून दुसऱ्या स्थितीत ठेवताच स्वर उतरत असतील, तर हा सांधा प्रथम तपासतात.

भोपळ्यावर बोटाने हलके टिचकी मारल्यास अखंड भोपळा एकसंध आवाज देतो. तडा गेलेल्या जागी आवाज फुटका येतो. बारीक छिद्रे व त्यांतून गळणारा भुसा ही कीड लागल्याची खूण आहे.

सतारीप्रमाणे तंबोऱ्यावर तार पडद्यावर दाबावी लागत नाही. त्यामुळे तारांच्या उंचीत पडलेला फरक वादकाच्या बोटांना जाणवत नाही. तो जवारी बिघडल्याच्या रूपाने प्रकट होतो. तारेच्या घर्षणाने घोडी झिजणे हे जवारी उतरण्याचे नेहमीचे कारण असले, तरी तबली खचून घोडी कलल्यानेही तोच परिणाम होतो. दोष तबलीत असताना घोडी पुन्हा पुन्हा घासल्यास मूळ घोडी व्यर्थ झिजते आणि जवारी टिकत नाही. म्हणून दुरुस्त केलेली जवारी वारंवार उतरत असल्यास तबली व गळा यांची तपासणी आवश्यक ठरते. मोठ्या दुरुस्तीसाठी तबलीच्या कडेचा सांधा सोडवून ती उचलावी लागते.

इतिहास आणि सद्यस्थिती

पटवर्धन घराण्याच्या मिरज संस्थानात 19व्या शतकाच्या मध्यास हा व्यवसाय रुजला. फरीदसाहेब व मोहिद्दीन हे शिकलगार बंधू त्याचे आद्य कारागीर मानले जातात. शस्त्रांना धार लावणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. शस्त्रांची मागणी घटल्यावर त्यांनी वाद्यनिर्मितीकडे वळून ‘सतारमेकर’ हे नाव धारण केले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू 1937) यांचे वास्तव्य मिरजेत होते. वाद्यदुरुस्तीचे त्यांना उत्तम ज्ञान होते. गायक आणि कारागीर यांच्या अशा सान्निध्यामुळे मिरजेची जवारी नावारूपास आली.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा व भ्रमणध्वनीवरील ॲप यांमुळे मागणीवर परिणाम झाला आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या वाद्यांची दुरुस्ती हाही या कारागिरांच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे.