पोरगा कोणाकडून खेळणार?

बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना पालघरच्या एका शाळकरी मुलाने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेला असा काही हिसका दाखवला की, त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड त्याच्या आईवडिलांशी बोलणी करू लागले. मुलगा आम्हाला द्या! अडचण प्रवासाची होती. पालघरमार्गे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती पुढे 2013 मध्ये. शेवटी लाडांनी त्याला स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. पुढे शालेय क्रिकेटच्या हॅरिस शिल्डमध्ये त्याच मुलाने, म्हणजे शार्दूल ठाकूरने, एका षटकात सहा षटकार ठोकले, ते बोरिवलीकडून.

हा किस्सा सगळेच सांगतात, पण शाळा बदलली की शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा आणि नव्या शाळेचे बोनाफाईड लागते, ते सांगण्यात कोणाला रस नसतो. हॅरिस शिल्ड 1897 पासूनची स्पर्धा. शालेय क्रिकेटमध्ये वयाचा वाद तेव्हापासून आजवर काही सुटलेला नाही.

महाविद्यालयात हेच कागदपत्रांचे काम जिमखान्याच्या टेबलावर होते. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया ट्रॉफी 1935-36 पासूनची. पात्रतेच्या अर्जात जन्मतारीख, बारावीचे वर्ष, सध्याचा वर्ग, आधी कुठून खेळला हे सगळे भरायचे; फोटोवर प्राचार्यांचा शिक्का. एक रकाना चुकला तर खेळाडू बाद. अमेरिकेत अशा कामासाठी विद्यापीठे स्वतंत्र कचेरी थाटतात आणि तिथे कायद्याचे पदवीधर नेमतात. आपल्याकडे हा भार शारीरिक शिक्षणाच्या सरांवर, तोही मैदान आखून झाल्यावर.

वकील क्रीडाक्षेत्रात आलेच नाहीत असे मात्र नाही. ते थेट वरच्या मजल्यावर गेले. बॅरिस्टर शेषराव वानखेडे आणि नागपूरचे ॲडव्होकेट शशांक मनोहर, दोघेही क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले. न्यायमूर्ती लोढा समितीने क्रिकेट मंडळासाठी ‘एक राज्य, एक मत’ सुचवले, तेव्हा एकाच राज्यातल्या मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघटनांना घाम फुटला. ऑगस्ट 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघींचेही मत राखले. पालघरला त्याचे विशेष महत्त्व होते. 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, तरी क्रिकेटपुरता तो मुंबईचाच. त्याआधी 2012 मध्ये शार्दूलने रणजी पदार्पणही मुंबईकडूनच केले होते.

खालच्या मजल्यावर कायदा शिरला तो नोकरीच्या दारातून. राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आले, तशी प्रमाणपत्राला किंमत आली, आणि मग बनावट प्रमाणपत्रेही. कोणती स्पर्धा ग्राह्य, कोणती संघटना मान्य, हे प्रश्न उच्च न्यायालयात जाऊ लागले. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने तर स्वतंत्र क्रीडा न्यायाधिकरणाचीच तरतूद केली. अशा न्यायाधिकरणापुढे जाणाऱ्या पात्रतेच्या तक्रारीची पहिली फाईल मात्र जिमखान्याच्या कपाटातच निघायची. ती फाईल नीट लावणारा एलएलबी झालेला माणूस महाविद्यालयाच्या पदांच्या यादीत अजून बसलेला नाही.