‘एज’चं शेपूट

लॅक्टेज दुधातली लॅक्टोज साखर फोडतं, लायपेज चरबी. पण विकरांच्या नावातलं हे ‘एज’ मुळात शेपूट नव्हतंच. १८३३ साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना मोड आलेल्या सातूत स्टार्चची साखर करणारा पदार्थ सापडला. ‘वेगळं करणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला ‘डायस्टेज’ म्हटलं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ ड्यूक्लो यांनी त्याचाच शेवट तोडून साऱ्या विकरांना जोडायचं सुचवलं. पेप्सिन, ट्रिप्सिन यांची बारशी आधीच उरकली होती, म्हणून ती सुटली!

विकर असतं कशाचं, यावर मात्र बरीच वर्षं भांडण चाललं. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी अबईच्या कुळातल्या जॅक बीनच्या पिठातून युरिएजचे स्फटिक काढले. ते प्रथिन निघालं. जर्मनीचे रसायनशास्त्रज्ञ विलश्टेटर यांना हे पटेना. समनर यांना नोबेल मिळालं ते थेट १९४६ मध्ये.