पेशीपटलातील प्रथिने आणि त्यांचे वजन: एका शोधपरंपरेचा मागोवा



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण केले आहे, त्यांना वंदन करून विषयास आरंभ करतो. मराठीच्या प्राध्यापकाने जीवरसायनाच्या वाटेला का जावे, अशी शंका काहींच्या मनात येईल. 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई सोहोनी मात्र मराठी वाचकांस तितक्या परिचित नाहीत. आजच्या विषयाचे मूळ त्यांच्या कार्यापाशी सापडते.

मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 साली कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. त्यांनी बंगळूर गाठून दाद मागितली, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि 1939 मध्ये तेथील पीएच.डी. झाल्या. डेव्हिड कीलिन यांनी 1925 मध्ये केंब्रिज येथेच सायटोक्रोम या श्वसनाशी निगडित रंगीत प्रथिनांचे महत्त्व दाखविले होते. कमलाबाईंनी ती बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींत शोधली. प्राणी असो वा वनस्पती, पेशीच्या श्वसनाची रीत एकच, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमावरील त्यांचा निबंध 1951 मध्ये प्रसिद्ध झाला.

या दोन प्रथिनांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. सायटोक्रोम-सी लहान, सुमारे 12 हजार डाल्टन वजनाचे. ते पाण्यात सहज विरघळते. (डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचे वजन.) ऑक्सिडेज मात्र तंतुकणिकेच्या पटलात रुतून बसलेले असते. पेशीचे पटल हे स्निग्ध रेणूंचे दुपदरी आवरण होय, असे गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी 1925 मध्येच सुचविले होते. ते इतके पातळ, की एक मिलिमीटर उंचीची चळत रचायची तर सुमारे 2 लाख पटले लागतील. या स्निग्ध थरात वसणारे प्रथिन पाण्यात आणले की त्याचा आकार मोडतो आणि त्याचे गठ्ठे होतात.

स्वीडनच्या थेओडोर स्वेडबर्ग यांनी 1920 नंतरच्या दशकात अतिवेगवान अपकेंद्री यंत्र उभारले. गरगर फिरणाऱ्या द्रावात प्रथिने किती वेगाने तळाकडे जातात, यावरून त्यांनी हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांची वजने काढली. ते वजन असंख्य रेणूंच्या समूहावरून काढलेले असे. पटलातील प्रथिने मात्र साबणासारख्या द्रव्यांनी सोडवून घ्यावी लागत. मग प्रथिनाभोवती त्या द्रव्याचे वेष्टन बसे आणि वजन प्रथिनाचे किती, वेष्टनाचे किती, हा घोळ उरे. ऑक्सिडेजची सविस्तर घडण 1995 मध्ये जपानी व जर्मन संशोधकांनी उलगडली. गुरांच्या हृदयातील या एंझाइमाच्या एका एककात 13 साखळ्या आढळल्या; त्याचे वजन सुमारे 2 लाख डाल्टन.

आपल्या बिदरच्या कारागिरीकडे पाहिले म्हणजे ही अडचण लक्षात येते. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवितात. ती तार उपसून तराजूत टाकली, तर चांदीचे वजन मिळेल. वेलबुट्टी मात्र नाहीशी होईल. शास्त्रज्ञांनाही अखेर तारेसह भोवतालचा धातूचा तुकडा उचलण्याची युक्ती शोधावी लागली. अमेरिकेतील स्टीफन स्लायगर यांच्या गटाने 2002 च्या सुमारास सुमारे 10 नॅनोमीटर व्यासाची पटलाची चकती तयार केली. तिच्या कडेला प्रथिनाचा पट्टा असतो आणि मध्ये, स्निग्ध थरात, हवे ते प्रथिन सुखाने राहते. नॅनोडिस्क या नावाने ती ओळखली जाते.

आता एकेक कण तोलण्याचे साधन हवे होते. ते ऑक्सफर्डच्या फिलिप कुकुरा आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये जगापुढे ठेवले. काचेवरील द्रावाच्या थेंबातून एखादे प्रथिन काचेला चिकटले की त्यावरून विखुरलेला प्रकाश काचेवरून परतणाऱ्या प्रकाशात मिसळतो आणि एक अंधुक ठिपका उमटतो. ठिपका जितका ठळक, तितके वजन अधिक. आधी ज्ञात वजनाच्या प्रथिनांवरून माप ठरवितात, मग थोड्या मिनिटांत हजारो कण एकामागून एक तोलतात. हे मास फोटोमेट्रीचे तंत्र 2021 मध्ये पटल-प्रथिनांनाही लावण्यात आले. चकतीसकट वजन करून त्यातून रिकाम्या चकतीचे वजन वजा करता येते. मात्र स्निग्ध द्रव्य आणि प्रथिन प्रकाश सारख्या प्रमाणात विखुरत नाहीत, हे भान ठेवावे लागते. सुमारे 40 हजार डाल्टनखालचे कणही या साधनाला सहसा दिसत नाहीत. म्हणजे ऑक्सिडेज या तराजूत बसते, पण कमलाबाईंचे सायटोक्रोम-सी अद्याप निसटते.

एवढा खटाटोप कशासाठी? पटल-प्रथिने पुष्कळदा अनेक साखळ्या एकत्र येऊन काम करतात. रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये दाखविलेली पोटॅशियमची वाट चार सारख्या साखळ्यांनी बनलेली आहे. एकेकाचे वजन केले, तर चौघे एकत्र आहेत की कोणी सुटले आहे, हे कळते. समूहाच्या सरासरीत ते झाकले जाते. प्रचलित औषधांपैकी निम्म्याहून अधिक पटल-प्रथिनांवर काम करतात. या सभागृहात रक्तदाबासाठी ॲम्लोडिपीन घेणारे कित्येक असतील; ती गोळी पटलातील कॅल्शियमच्या वाटेवरच काम करते. ती वाट तिच्या मूळ रूपात जाणणे हा म्हणूनच आपल्या प्रकृतीचाही प्रश्न आहे.

कमलाबाई 1998 मध्ये निवर्तल्या. हे नवे साधन त्यानंतर वीस वर्षांनी आले. स्वदेशी परतल्यावर त्यांनी नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यावर संशोधन केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थी घडविले. प्रवेशाच्या दारात त्यांचे मोल स्त्रीजातीच्या सरसकट मापाने झाले होते. एकटीची पारख झाल्यावर तेच दार उघडले. विज्ञानाला प्रथिनाबाबत जे शिकायला शतक लागले, ते गुरुजनांनी वर्गात रोज आचरावे लागते. विद्यार्थ्याला त्याच्या घरादारासकट, भाषेसकट ओळखावे आणि एकेकट्याने पारखावे. सीमाभागातील या शाळेकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.