शिक्षकांची शाळा : बाळशास्त्रींच्या अध्यापक वर्गापासून उन्हाळी प्रशिक्षणापर्यंत

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते आद्य मराठी पत्रकार बाळशास्त्री जांभेकर यांचे जन्मस्थान म्हणून. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' सुरू केले. तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो आणि गावातील त्यांच्या स्मारकापाशी पत्रकार मंडळी आवर्जून जमतात. हे सर्व यथोचितच आहे. परंतु याच महापुरुषाच्या कार्याचा एक भाग आपल्या जिल्ह्यातही क्वचितच सांगितला जातो. बाळशास्त्री हे शिक्षकांचे शिक्षक होते. आज उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांची जी प्रशिक्षण शिबिरे भरतात, त्यांची पूर्वपीठिका शोधू लागले की हात या पोंभुर्ल्याच्या सुपुत्रापर्यंत पोहोचतो.

त्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. कोणाच्या ओसरीवर, कोठे देवळात मुले बसत, धुळाक्षरे गिरवीत, पाढे व पावकी-निमकी घोकीत. पंतोजीला शिकवावे कसे, हे कोणी शिकविलेले नसे. ही उणीव प्रथम जाणली ती १८२२ च्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या आणि पुढे 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने प्रसिद्धी पावलेल्या संस्थेने. कॅप्टन जॉर्ज जर्विस हे तिचे चिटणीस. नव्या पद्धतीची पुस्तके तयार झाली, पण ती शिकविणार कोण? म्हणून संस्थेने मुंबईत निवडक माणसे तयार केली आणि १८२६ मध्ये अशा २४ शिक्षकांना गुजरात, दख्खन व कोकण या प्रांतांत पाठविले. पश्चिम भारतातील प्रशिक्षित शिक्षकांची ही पहिली तुकडी म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास बाळशास्त्री लहान वयात कोकणातून मुंबईस गेले. पुढे ते त्याच सोसायटीचे उपचिटणीस झाले, एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. दादाभाई नौरोजी हे त्यांचे एक विद्यार्थी. १८४४-४५ च्या सुमारास त्यांच्याकडे दोन जबाबदाऱ्या आल्या. एक, सरकारी मराठी शाळांच्या तपासनीसाची. आणि दुसरी, शिक्षक तयार करण्यासाठी काढलेल्या 'नॉर्मल क्लास'च्या, म्हणजे अध्यापक वर्गाच्या संचालकाची.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती होत्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जो वर्गात बसवून शिक्षक घडवीत होता, तोच शाळांच्या तपासणीस जात होता. आपण दिलेले शिक्षण गावच्या शाळेत उतरले की नाही, हे त्याला दुसऱ्याच्या अहवालावरून समजून घ्यावे लागत नव्हते. दुर्दैवाने हा योग फार थोडा काळ टिकला. १७ मे १८४६ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी बाळशास्त्री कालवश झाले. त्यांच्या मागे या वर्गाची सूत्रे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आली. त्या वर्गातून बाहेर पडलेल्या शिक्षकांच्या हाती दादोबांचेच व्याकरण असावे, हाही एक सुयोगच!

प्रशिक्षणासाठी उन्हाळाच का, या प्रश्नाचे एक उत्तर शाळेच्या सुटीत आहे, तसेच कोकणापुरते दुसरे उत्तर समुद्रात आहे. पूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांतून मुंबईस जाणे ते गलबताने आणि नंतरच्या काळात आगबोटीने. पावसाळा सुरू झाला की ही वाहतूक बंद. घाटरस्ते बिकट. रेल्वे तर १९९८ मध्ये आली. तेव्हा कोणा गुरुजींना परगावी काही शिकावयास जावयाचे असेल, तर समुद्र मोकळा असेतोवरच जावे लागे आणि मृगापूर्वी परतावे लागे.

१८६१ पासून 'मराठी शाळापत्रक' हे मासिक खास शिक्षकांसाठी निघू लागले आणि दूरच्या गावातल्या शिक्षकालाही घरबसल्या काही नवे वाचावयास मिळू लागले. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी त्याचे संपादन केले होते. ट्रेनिंग कॉलेजेही निघाली. मात्र एकदा 'ट्रेंड' झालेला मास्तर निवृत्त होईपर्यंत तेवढ्याच शिदोरीवर चालत असे. पुन्हा शिकण्याची सोय कोणी फारशी केली नाही. सरकारवर विसंबून न राहता शिक्षक घडविण्याचे मोठे कार्य पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या कर्मयोग्याने १९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले आणि तेथे तयार झालेले तरुण जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांत पाठविले. शाळा काढावयाची तर आधी शिक्षक तयार हवा, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता.

नोकरीत असलेल्या शिक्षकाला सुटीत पुन्हा विद्यार्थी करण्याची कल्पना आपल्या देशात खऱ्या अर्थाने रुजली ती १९६३ मध्ये. रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची मोठी धांदल उडाली आणि तेथे शिक्षकांसाठी उन्हाळी वर्गांचा जोर वाढला. त्याच धर्तीवर, अमेरिकेच्या साहाय्याने, विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतीय विद्यापीठांत असे वर्ग सुरू केले. पहिल्या वर्षी ते अवघे चार होते. पुढील काही वर्षांत त्यांची संख्या झपाट्याने वाढली. माध्यमिक शाळांतील गणित व विज्ञानाचे शिक्षक काही आठवडे प्राध्यापकांसमवेत प्रयोगशाळेत काम करीत. १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगाने तर प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन-तीन महिने प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. आपल्या शेजारच्याच मातीतील या माणसाची ही शिफारस आजवर पूर्णांशाने कोठेही अमलात आलेली नाही.

संख्येच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. उन्हाळी सुटीत दहा-दहा दिवसांची शिबिरे भरवून चार वर्षांत देशातील सुमारे साडेसतरा लाख शिक्षकांना त्यात आणले गेले. एवढ्या लोकांना शिकवावयाचे म्हणजे थरांची रचना आलीच. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार करावयाचे, त्यांनी जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना शिकवावयाचे, त्यांनी तालुक्यास आणि तेथून शेवटी शाळेतल्या गुरुजींना. बाजारपेठेत घाऊक व्यापाऱ्याकडून माल जितक्या हातांतून जातो, तितका त्याचा भाव चढत जातो. विद्येचे नेमके उलटे आहे. प्रत्येक हाती ती थोडी उतरते. तज्ज्ञाने अनुभवाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या थरावर टिपण होते, तिसऱ्यावर त्या टिपणाचे वाचन, आणि वाडीवरच्या शाळेतील शिक्षकापर्यंत पोहोचते ती बहुधा हजेरीपत्रकावरची स्वाक्षरी. यात दोष कोणा एका थराचा नाही. ज्याने शिकविले तो पुढे शाळेत पाहावयास आला नाही, हे खरे कारण.

याउलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदे येथे ग्रामीण शाळांच्या विज्ञानशिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. तेथे शास्त्रज्ञ स्वतः खेड्यातील शिक्षकांपर्यंत गेले. व्याप लहान होता, पण शिकविणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये थर नव्हते.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि आपल्याकडील शिक्षकांचे कामकाज जवळ आले. तोवर सावंतवाडी-दोडामार्गच्या शिक्षकास जिल्ह्याच्या प्रत्येक कामासाठी रत्नागिरीचा प्रवास होता. २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आले. त्यात प्रत्येक शिक्षकास वर्षाला वीस दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद होती. खर्चाची मर्यादा होती, शिक्षकामागे दिवसाला ७० रुपये. तेवढ्यात भोजन, साहित्य आणि मार्गदर्शकांचे मानधन बसवावयाचे, ही हिशेबाची कसरत ज्यांनी केली त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु कोकणातील शिक्षकाच्या दृष्टीने मे महिना हा रिकामा महिना नव्हे. आंबा उतरवावयाचा, कोकमे फोडून वाळवावयाची, पावसापूर्वी घराची कौले परतावयाची, शेताची भाजावळ व्हावयाची, लग्नकार्ये आणि मुंबईहून आलेले चाकरमानी या सर्वांना हाच एक महिना. सुटीत कामावर बोलाविल्यास त्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर जमा होते, हे खरे. पण जमा झालेल्या रजेने मे महिन्यात कौले परतली जात नाहीत. मग शिबिर शाळा चालू असताना घ्यावे, तर आपल्याकडे डोंगर-खाडीच्या पलीकडे विखुरलेल्या वाड्यांत दोन शिक्षकांच्या शाळा पुष्कळ. एक शिबिराला गेला की चार-पाच इयत्ता एकाच्या अंगावर, आणि दोघेही गेले की कुलूप. सुटीत घेतले तर शिक्षकाचे नुकसान, सत्रात घेतले तर मुलांचे. हा तिढा पुण्या-मुंबईच्या शाळांना तितका जाणवत नाही, म्हणूनच तेथे आखलेली वेळापत्रके येथे येऊन अडतात.

अलीकडे यावर मार्ग म्हणून मोबाईलवरील प्रशिक्षण आले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा 'निष्ठा' कार्यक्रम प्रथम प्रत्यक्ष वर्गांतून आणि करोनाकाळात, २०२० पासून, 'दीक्षा' या संगणकीय मंचावरून चालला. २०२० च्या धोरणाने शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा सांगितली आहे. यामुळे प्रवास वाचला, कौले परतावयास सवड मिळाली, शाळेलाही कुलूप लागत नाही. केंद्रशाळेत भरणाऱ्या शिक्षण परिषदांमुळे आसपासच्या आठ-दहा शाळांचे शिक्षक एकत्र बसतात, एकमेकांच्या अडचणी सांगतात. थर त्यात सर्वांत कमी. तेथे बोललेले दुसऱ्या आठवड्यात एकमेकांच्या वर्गात जाऊन पाहावयाचे, एवढी जोड त्यास दिली तर १८४५ मध्ये बाळशास्त्रींच्या एकट्याच्या अंगावर असलेली दोन्ही कामे प्रत्येक केंद्रात होऊ शकतील, आणि त्यासाठी कोणालाही मे महिन्यात घर सोडावे लागणार नाही.