वेंगुर्ल्याची वखार आणि बेळगावचे दोन रस्ते

आमच्या पश्चिम भागातील माणसाच्या तोंडी दोन रस्त्यांची नावे रोज असतात : वेंगुर्ला रोड आणि रामघाट रोड. दोन्ही नावे सह्याद्रीपलीकडच्या समुद्राची आहेत. बेळगुंदीहून समुद्र दिसत नाही; तरीही या मुलखाचा दर्यावर्दी जगाशी व्यवहार दीर्घकाळ वेंगुर्ला या लहानशा बंदरातून होत आला.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे डचांनी वखार घातली. गोव्यातील पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डच गलबतांना अन्नपाण्याचा पुरवठा येथून होई. जुन्या मराठी कागदांत या डचांना 'वलंदेज' म्हटले आहे. तो शब्द आला पोर्तुगीज भाषेतून. 'इंग्रज' हाही तेथलाच. म्हणजे पोर्तुगिजांनी आपल्या शत्रूंना जी नावे दिली, तीच आपण उचलली आणि आपलीशी केली. गावाने मात्र पुष्कळ सोसले. १६६४ मध्ये बंडाळीच्या कारणावरून शिवाजी महाराजांनी ते जाळल्याची नोंद इंग्रजी गॅझेटिअरात आहे. अभिमानापोटी ती गाळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. १६७५ मध्ये मोगलांनी आग लावली. १६९६ मध्ये खेम सावंतांनी वखारीच्या प्रमुखाच्या भेटीचे निमित्त करून वखारच लुटली. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाने हे बंदर इंग्रजांच्या स्वाधीन केले.

तेव्हापासून बेळगावशी असलेला संबंध अधिकच घट्ट झाला. आधी रामघाटाने आणि पुढे पारपोलीच्या, म्हणजे आजच्या आंबोलीच्या घाटाने बैलगाड्या वर येऊ लागल्या. मीठ, सुकी मासळी, खजूर, नारळ, काथ्या हा माल बेळगावच्या पेठेत चढे आणि देशावरचा कापूस बंदरात उतरे. बेळगावच्या लष्करी छावणीलाही हाच मार्ग जवळचा होता. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. रस्त्याचे नाव तेवढे राहिले.

स्वातंत्र्यानंतर सावंतवाडी संस्थान विलीन झाल्यावर बेळगावपासून वेंगुर्ल्यापर्यंतची ही सगळी वाट एकाच मुंबई राज्यात आली. ती तुटली १९५६ साली. राज्य पुनर्रचना कायद्याच्या सातव्या कलमाने 'चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा' नव्या म्हैसूर राज्यास दिला. एका वगळण्याने चंदगड मुंबई राज्यात राहिले आणि आम्ही अलीकडे राहिलो. त्याच वेंगुर्ला रोडवर आज बाची कर्नाटकात आहे आणि लगतची शिनोळी महाराष्ट्रात. चंदगड ज्या मराठी भाषेमुळे वगळले, तीच भाषा बाची, उचगाव, बेळगुंदीच्या घराघरांत होती. मग रेषा शिनोळीपाशीच का थांबली, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे.

रस्त्याचे नाव हा काही हक्काचा पुरावा नव्हे, हे वकिली व्यवसायामुळे आम्ही जाणतो. न्यायालयात असा दाखला कोणी पुढे केला, तर आम्हीच त्यावर हरकत घेऊ. पण दीर्घकाळच्या वापराला कायद्याच्या मराठीत 'वहिवाट' म्हणतात, आणि या मार्गाची वहिवाट घाटावरच्या व घाटाखालच्या मराठी माणसांनी मिळून पाडलेली आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला, त्याच्या फार आधीपासून.

वेंगुर्ल्यातील ती वखार आता पडकी आहे. बेळगावहून निघालेल्या माणसाने आंबोली उतरून, सावंतवाडी ओलांडून तेथे जावे आणि तिच्या भिंती एकदा पाहून याव्यात.