तीन मिनिटांची कविता: मराठी भावगीताची घडण

मराठी घरांत ग्रामोफोन शिरला तो नाट्यपदे घेऊन. रंगभूमीवर रंगत जाणारे पद 78 फेऱ्यांच्या तबकडीवर साधारण तीन मिनिटांत उरकावे लागे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात मूळ नाटक असल्यामुळे ते निभावूनही जाई. भावगीताला असा आधार नव्हता. जे सांगायचे ते त्या तीन मिनिटांतच सांगायचे, ही अट घेऊनच ते जन्मले.

त्याआधी कविता चालीवर म्हणण्याची सवय रविकिरण मंडळाने लावली होती. 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळातले यशवंत, गिरीश, माधव जूलियन हे कवी आपल्या रचना सभांमधून गाऊन दाखवत. ते गायन मात्र साथसंगतीविना, शब्दांच्या ओघाने चालणारे होते. त्याला गाण्याचे रूप आले ते 1930 च्या दशकाच्या आरंभी, मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गोविंदराव जोशी यांनी ध्वनिमुद्रित केली तेव्हा. कवी वकील, गायकही वकिलीच शिकलेला. भावगीताचा आरंभ अशा दोघांकडून व्हावा ही गंमतच. या तबकडीच्या खपामुळे नाटकाबाहेरची कविताही विकली जाते, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. जोशी पुढे एच.एम.व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले आणि कलावंत निवडण्याचा अधिकार एका गायकाच्या हाती आला.

तबकडीची मर्यादा रचनेतही उतरली. लांब कवितेतली दोन-तीन कडवीच घेतली जात, ध्रुवपद लवकर परते, ताना जवळजवळ गळाल्या. शब्द स्पष्ट ऐकू येणे हा गायकीचा निकष झाला.

तबकडी विकत घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. ही उणीव गजानन वाटवे यांनी भरून काढली. गणेशोत्सवात पुण्याच्या चौकाचौकांत त्यांचे काव्यगायन होई आणि ते ऐकायला रस्ते भरून जात. अनिल, राजा बढे, मनमोहन यांच्या ओळी त्यांच्यामुळे पुस्तक न उघडणाऱ्या माणसांच्याही तोंडी बसल्या. भावगीताच्या इतिहासात ध्वनिमुद्रिकांना जेवढे मोजले जाते, तेवढे या मांडवांना मोजले जात नाही, हा थोडा अन्यायच आहे.

तिसरा आश्रयदाता आकाशवाणी. 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांना चित्रपटगीतांचे वावडे होते. आकाशवाणीवरून हटलेल्या त्या गीतांची जागा भरण्यासाठी केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. हिंदी श्रोत्यांचा मोठा वर्ग यामुळे रेडिओ सिलोनकडे वळला; मराठीत मात्र कवी आणि संगीतकारांना नियमित काम मिळाले. पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला गीत लिहायचे आणि सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, असा वर्षभराचा वायदा होता. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीते 56 झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज त्यात होते. पुढे गावोगावच्या कार्यक्रमांमुळे सारे रामायण फडक्यांच्या एकट्याच्या आवाजाशी जोडले गेले.

1960 च्या दशकात मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि इंदूरच्या अरुण दाते यांचा आवाज ‘शुक्रतारा’मध्ये एकत्र आले. दाते वस्त्रोद्योगातले अभियंते. सुधा मल्होत्रा यांच्यासह गायलेल्या या युगुलगीताने त्यांचे नाव घरोघर पोहोचवले. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या वाटतात, पण गायला बसले की त्यांतली अवघड वळणे कळतात.

दीर्घ वाजणाऱ्या तबकड्या आणि नंतर कॅसेट आल्यावर तीन मिनिटांची सक्ती सुटली. तेव्हापासून सुट्या गाण्याऐवजी एका सूत्रात ओवलेला संच निघू लागला. 1990 च्या दशकाअखेरीस मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांच्या ‘गारवा’त पावसाळी गाण्यांच्या मध्ये कविता नुसती बोलली गेली, आणि ती बोललेली कडवीही तरुणांनी गाण्यांइतकीच पाठ केली.